एस्कोरियालचं डेड स्टॉक रजिस्टर

माझी सगळी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात गेली. शाखेत पाऊल टाकलं की आधी डेड स्टॉक रजिस्टर मागायचं आणि टेबलं, खुर्च्या, पंखे मोजत नोंदीशी ताडून बघायचं. २०१९ मध्ये माद्रिदला भाचीकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुला तुझ्याच खात्यातला एक राजा दाखवते."

हा राजा म्हणजे सोळाव्या शतकातला स्पेनचा दुसरा फेलिपे. निम्म्या जगावर त्याने कागदांतून राज्य केलं. माद्रिदहून लोकलने तासाभरावर, डोंगराच्या कुशीत त्याने सान लोरेन्सो दे एल एस्कोरियाल हा मठ बांधला. पाया १५६३ मध्ये घातला, शेवटचा दगड १५८४ मध्ये बसला. मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि राजघराण्याचं दफनघर, सगळं एकाच करड्या ग्रॅनाइटच्या चौकोनात. स्टेशनपासून चढण चढताना मला तरी तो आधी तुरुंगच वाटला. आत मात्र राजाची निजायची खोली एवढीशी. अंथरुणातूनच चर्चची वेदी दिसावी अशी सोय केलेली.

पण मी आले होते एका चित्रकारासाठी. योआखिम पाटिनिर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, अँटवर्पचा. तोवर निसर्ग म्हणजे संतांच्या पाठीमागचा पडदा. याने संत केले बोटभर आणि डोंगर, नदी, आकाश केलं भलंथोरलं. पुढे तपकिरी जमीन, मध्ये हिरवं रान, दूर निळे डोंगर, आणि क्षितिज इतकं वर की आपण घारीच्या नजरेने बघतोय असं वाटावं. १५२१ मध्ये प्रसिद्ध जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या लग्नाला गेला होता आणि रोजनिशीत त्याने याला 'चांगला निसर्गचित्रकार' म्हटलं.

घोटाळा असा, की याची सही असलेली चित्रं जगात पाचच. सहीत नावापुढे एक 'डी' असतो, म्हणजे 'दिनां' या गावचा. आपल्याकडे असता तर पाटिनिर दिनांकर म्हणून खपला असता! त्याची चित्रं इतकी खपली, की कार्यशाळेने आणि नकलाकारांनी त्याच धाटणीचे निळे डोंगर काढायचा सपाटा लावला. त्यामुळे बाकीची चित्रं कुणाच्या खाती टाकायची, हा वाद अजून चालू आहे. २००७ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने त्याचं मोठं प्रदर्शन केलं. तेव्हाच्या सूचीत त्याच्या आणि कार्यशाळेच्या मिळून २९ चित्रांची नोंद झाली. चित्र कुणाचं हे ठरवायला, ते ज्यावर काढलंय त्या ओकच्या फळीतली वर्तुळं मोजतात, अवरक्त किरणांनी रंगाखालचं रेखाटन बघतात. पण फळी सांगते ती झाडाच्या वयाबद्दल. कुंचला कुणाच्या हातात होता, हे तिला कुठलं ठाऊक?

आदल्या दिवशी प्रादोत आम्ही 'संत अँथनीची मोहपरीक्षा' बघितलं होतं. एकेकाळी ते याच मठात होतं. मागे पाटिनिरचा तो अफाट देश. पुढे मात्र नटलेल्या तीन बाया, एक म्हातारी, संताचा झगा ओढणारं माकड. माणसं इतकी ठसठशीत की ती पाटिनिरची वाटतच नाहीत. आणि नाहीतच. फेलिपे मठाला जे जे देई त्याची, चित्रांपासून संतांच्या अवशेषांपर्यंत, वहीत नोंद व्हायची. १५७४ च्या नोंदीत हे चित्र आहे: आकृत्या मास्तर क्विंटिनच्या, निसर्ग मास्तर योआखिमचा. क्विंटिन म्हणजे चित्रकार मात्सिस, पाटिनिरचा मित्र. १५२४ मध्ये पाटिनिर गेल्यावर त्याच्या मुलांचा पालकही तोच झाला. एक चित्र, दोन हात, आणि पुरावा कसला, तर सुपूर्दनाम्याची एक ओळ! त्या अनाम कारकुनाला मी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले. त्याने नुसतं 'लाकडी चित्र, नग १' असं लिहिलं असतं तर? अशी रजिस्टरं मी आयुष्यभर बघितली आहेत.

एस्कोरियालमध्ये बघायचा होता तो 'संत ख्रिस्तोफर'. खांद्यावर बाळ घेऊन, काठीवर भार देत नदी ओलांडणारा संत. "अगं, हा तर वसुदेव!" मी म्हटलं. भाची म्हणाली, इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस हेच म्हणतो. ड्यूररने पाटिनिरला करड्या कागदावर चार ख्रिस्तोफर काढून दिले होते, हीसुद्धा रोजनिशीतलीच नोंद. त्यामुळे या संताकडे बघताना अभ्यासकांना ड्यूरर आठवतो. मला आठवली ती यमुना, त्याला इलाज नाही. चित्रापुढे उभं राहिलं की संतावरून नजर घसरते आणि कडे, पाणी करत पार निळ्यात जाऊन पोचते.

आता एक वात्रट गोष्ट. कारेल फान मांडर नावाच्या चरित्रकाराने १६०४ मध्ये लिहून ठेवलंय, की पाटिनिर आपल्या चित्रांत कुठेतरी परसाकडे बसलेला एक इटुकला माणूस काढायचा, जणू खूणच. लिहिलं ते चित्रकार गेल्यावर ऐंशी वर्षांनी, तेव्हा ऐकीव पुरावा म्हणूनच घ्यायचं. तरीही मी चष्मा पुसला आणि कड्यामागून कडा, झुडपामागून झुडूप तपासायला लागले. नाक फळीच्या फारच जवळ गेलं असावं, कारण पहारेकरीणबाई दोनदा खाकरल्या.

"मावशी, बास आता. काय लिहू?"

"लिही," मी म्हटलं, "प्रत्यक्ष पडताळणीत आढळला नाही."