झेंडावंदनानंतर सतरंजीवर बसणारी माणसं

आमच्या साताऱ्याकडं देशभक्ती म्हटलं की आधी फौज आठवते. आपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेलाय. माझे सासरे फौजेत होते, मिस्टरही सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते सीमेवर असताना रात्री फोन वाजला की काळजात काय होतं, ते मी भोगलंय. त्यामुळं फौजेची किंमत मला कुणी सांगायला नको. पण ज्यांच्या अंगावर वर्दी नाही, त्यांनी देशासाठी काय करायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आता मी त्याचं एक उत्तर देते आणि त्यावर ठाम आहे: ग्रामसभेला जायचं आणि ती संपेपर्यंत उठायचं नाही.

१५ ऑगस्टला आमच्या शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईची पोरं गाड्या घेऊन येतात, माजी सैनिक पदकं लावून येतात, 'भारत माता की जय' डोंगरापर्यंत ऐकू जातं. त्यानंतर शेजारच्या समाजमंदिरात ग्रामसभा असते. तिथं मात्र पुढाऱ्यांची ठरलेली माणसं सोडली तर सतरंजी रिकामी. कायद्यानं गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमली नाहीत की सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. म्हणजे जे पाच-दहा जण येतील, त्यांनी सगळ्या गावाच्या वतीनं ठरवायचं. घरकुल कुणाला, रस्ता कुठल्या आळीला, पाण्याचे पैसे कुठं, सगळं त्यांच्याच हातात. हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, त्या दिवशी जिलेबीचा पुडा घेऊन घरी जाणं मला पटेना.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली ती ७३व्या घटनादुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून. आमच्याकडं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हेही कायद्यातच आहे. पण आमच्या गावात ती कागदावर व्हायची. शिपाई वही घेऊन घरोघरी फिरायचा, 'वहिनी, इथं सही करा' म्हणायचा, आणि आम्ही करायचो. मग बचतगटातल्या बायकांनी ठरवलं की सही सभेत बसूनच करायची. भाऊसाहेबांना (ग्रामसेवकांना आम्ही असंच म्हणतो) आम्ही तसं सांगितलं. ते तरुण होते, त्यांना उलट बरंच वाटलं.

पहिली खरी महिला सभा मारुतीच्या देवळात झाली. तिथं बौद्धवस्तीतल्या एक मावशी उठल्या. वय सत्तरीच्या पुढं, बोलायला लागल्या की थरथरायच्या. म्हणाल्या, "आमच्या वस्तीचा नळ गटारातनं येतोय. पाऊस लागला की पोरं हागवणीनं लोळत्यात. हे तुमाला म्हाईत हाय का न्हाई?" आम्हाला माहीत होतं. त्या गटारावरून आम्ही रोज जात होतो. जुनी लोखंडी पाइप गंजलेली, आणि पाणी सुटायचं बंद झालं की गटाराचं पाणी आत ओढलं जायचं.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी गावगाड्यावर कडक टीका केली होती. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं ते घर आहे, असा तिचा आशय. खेड्याचं कौतुक करणाऱ्या अनेकांना ती तेव्हाही झोंबली. मला ती खरी वाटते. आमच्या सभेत कोण सतरंजीवर बसतं, कोण दाराशी उभं राहतं आणि कुणाची वस्ती पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला असते, हे पाहिलं की पटतं. पण ग्रामपंचायतींना अधिकार द्यावेत ही दुरुस्ती नंतर बाबासाहेबांनीच स्वीकारली आणि ती कलम ४० मध्ये आली. ते कलम कागदावरून खाली उतरवायचं काम आमचं आहे, असं मी मानते.

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत आम्ही बायका पुढं बसलो. विषय निघाल्यावर एका जुन्या सदस्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तो मिटवायला घेतला. तेव्हा बचतगटाच्या सचिव ताईंनी उठून विचारलं की केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत किती शिल्लक आहे. या आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, तो दुसरीकडं वळवता येत नव्हता. ताईंनी पंचायतीचा हिशोब दाखवणाऱ्या ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आधीच सगळं पाहून ठेवलं होतं. आकडा त्यांनीच वाचून दाखवला. सभागृहात शांतता झाली, आणि मग ठराव झाला. सूचक मावशी, अनुमोदक मी. भाऊसाहेबांनी प्रोसिडिंगमध्ये लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशींनी सही केली. साक्षरता वर्गात शिकलेलं त्यांचं नाव, एकेक अक्षर सुटं सुटं.

ठरावानंतरचं काम जास्त कंटाळवाणं असतं आणि तिथंच लोक गळतात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, पंचायत समितीत अडकलेली फाइल. माझे मिस्टर आणि गावातले आणखी दोन माजी सैनिक या कामाला लागले. 'मोर्चेबांधणी आमच्याकडं द्या' म्हणाले आणि दर सोमवारी तालुक्याला जायला लागले. शिस्तीची माणसं, आवाज न चढवता तासन् तास बसून राहायची. चर खणायला गावातल्या सगळ्या आळ्यांतली पोरं आली. काहींच्या घरून विरोध होता, तरी आली. त्या पोरांबद्दल मला जो अभिमान वाटतो, तो शब्दांत मावत नाही.

आता नवी पाइप गटारापासून लांबून गेलीय. बचतगटातल्या आम्ही काही जणी आळीपाळीनं सकाळी शेवटच्या नळाचं पाणी तपासतो. नळीत पाणी घ्यायचं, ओटी द्रावणाचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकायचे, पिवळी छटा आली की क्लोरीन आहे. ०.२ पीपीएमच्या (लिटरमागं ०.२ मिलिग्रॅमच्या) खाली दिसलं तर गावाचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाला फोन. पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर संपत आली की आम्हीच भाऊसाहेबांना आठवण करतो. काम छोटं आहे, पण त्यात एकही दिवस खाडा चालत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा आमच्या तरुण मंडळानं भिंतीवर लिहिलीय: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' त्या गावानं वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि काही दिवसांतच शासनानं इतर गावांपुढं त्याचा आदर्श ठेवला. ही सगळी ताकद ग्रामसभेची आहे, आणि तिचा सभासद व्हायला मतदार यादीत नाव असणं एवढंच लागतं.

येत्या २ ऑक्टोबरला पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यावर चर्चा आहे. गावच्या अंगणवाडीला स्वतःचं शौचालय नाही आणि सेविका ताई मुलांना शेजाऱ्यांकडं नेतात. तो विषय विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून आम्ही लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. महिला सभा आदल्या दिवशी दुपारी तीनला, मारुतीच्या देवळात. ज्यांची माणसं पुण्या-मुंबईला आहेत त्यांनी त्यांना आत्ताच कळवा, म्हणजे गाडीचं तिकीट त्या हिशोबानं काढता येईल.