लंडनमध्ये तीन आठवडे: आधी शहरात, मग वेम्बलीत

जूनमध्ये तीन आठवडे लंडनला होतो. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई. पहिला आठवडा शहराच्या मध्यात बेजवॉटरला राहिलो, उरलेले दोन वेम्बली पार्कला.

बेजवॉटरचं घर म्हणजे जुन्या इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट नाही, एसी नाही, खिडकी वीतभर उघडायची. बाहेर हाइड पार्क पाच मिनिटांवर, ते सुख खरंच. पण बेजवॉटर स्टेशनलाही जिनेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जा बाई, मी इथेच बसते." एवढं भाडं भरायचं ते त्यांना खिडकीत बसवायला का?

वेम्बली पार्क चौथ्या झोनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यापासून बरंच बाहेर. स्टेशनला लिफ्ट आहे, आमच्या इमारतीलाही होती. शहरात पोचायला ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, ज्युबिली लाइनपेक्षा मेट्रोपॉलिटन लाइन धरा. बेकर स्ट्रीटपर्यंत मध्ये फक्त फिंचली रोड थांबा आणि डब्यात एसी. वेस्टमिन्स्टरला जायचं असेल तर फिंचली रोडला उतरून समोरच्याच प्लॅटफॉर्मवर ज्युबिली मिळते, जिना चढायचा नाही. हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

भाजीसाठी ८३ नंबरच्या बसने ईलिंग रोड गाठायचा. मेथी, दुधी, कारली, सगळं मिळतं, जूनमध्ये आंबेही. तिथून सासूबाई पिशव्या भरून परतल्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. तासाभरात दुसरी बस घेतली तर वेगळं भाडं पडत नाही. मोठ्या माणसांना प्रत्येकी वेगळं कार्ड लागतं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब फुकट. सकाळी साडेनऊनंतर निघालात तर ट्यूबचं भाडंही कमी.

एक फजिती मात्र झाली. एका संध्याकाळी दमून परतलो तर जवळच्या वेम्बली स्टेडियममध्ये कार्यक्रम. नव्वद हजारांचं स्टेडियम ते! स्टेशनबाहेर माणसांचा पूर. घर दहा मिनिटांवर, पोचायला पाऊण तास. बुकिंगआधी स्टेडियमचं वेळापत्रक नक्की बघा.

घर शोधताना झोनचा आकडा बघत बसू नका. स्टेशनपर्यंत पायी किती वेळ, स्टेशनला लिफ्ट आहे का आणि गाडी थेट जाते का, एवढं मालकाला विचारा. 'स्टेशनजवळ' या शब्दाचा अर्थ प्रत्येक मालकाचा वेगळा. लंडनमध्ये अख्खं घर, वेगळी परवानगी नसेल तर, वर्षाला ९० रात्रींपर्यंतच असं अल्पमुदतीने देता येतं. ही मर्यादा चुकवायला बुकिंगच्या ॲपबाहेर पैसे पाठवा असं कुणी म्हणालं तर सरळ दुसरं घर बघा. आणि जाड पडदे आहेत का तेही विचारा. जूनमध्ये पहाटे पावणेपाचला लख्ख उजेड होतो. रात्री साडेनऊलाही अंधार नाही, लेकीला झोपवता झोपवता पुरेवाट झाली.

दोघंच असाल, चार-पाच दिवसच असाल आणि रात्री नाटक बघून चालत घरी यायचं असेल तर शहरातच राहा. आम्ही पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून वेम्बलीला, पण स्टेडियमच्या पलीकडच्या बाजूला. सासूबाईंनी ईलिंग रोडची यादी आत्ताच करून ठेवली आहे.