जानापावच्या माथ्यावर मृगाचा तेजोमेघ

इंदूरहून महू ओलांडून मानपूरच्या दिशेने गेले की जानापावचा फाटा लागतो. जमदग्नींच्या आश्रमासाठी आणि चंबळेच्या उगमासाठी प्रसिद्ध असलेल्या या डोंगरावर पौष अमावास्येच्या रात्री सर्वांसाठी खुले आकाशदर्शन होते, आणि 130 मिमी व्यासाची दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) व कॅमेरा गाडीत घालून मी अंधार पडण्यापूर्वीच वर पोहोचलो. उत्तरेकडे पीथमपूरचा आणि ईशान्येला इंदूरचा उजेड क्षितिजाला चिकटलेला असतो, पण दक्षिणेला विंध्याची कड निमाडात उतरते आणि मृग नक्षत्र त्याच बाजूने माथ्यावर येते, म्हणून ही जागा मला फार मोलाची वाटते.

पहिले काम ध्रुवाचे. येथे तो जेमतेम साडेबावीस अंश उंच, म्हणजे नेमका उजेडाच्या पट्ट्यात, आणि खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला असतो. माउंटचा अक्ष त्या बिंदूकडे नीट रोखला नाही, तर सेकंदाला 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) सरकणारे आकाश फोटोत रेघा ओढते.

शेजारी 8 इंची डॉब्सोनियनपाशी, म्हणजे साध्या फिरत्या पायावरच्या आरशाच्या दुर्बिणीपाशी, रांग लागली होती. मृगाच्या पोटातील बाणाखाली असलेला, सुमारे 1,300 प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ त्यातून दाखवला जात होता. महूच्या एका आजींनी डोळा लावला आणि विचारले, "हा धूर आहे का रे बाळा?" मी म्हणालो, "वायूच आहे, आजी. तिथे नवे तारे जन्माला येतात."

माझ्या कॅमेऱ्यात तोपर्यंत 30 सेकंदांचे फोटो एकामागून एक जमत होते. लॅपटॉपवरचा लाल कागद काढल्याशिवाय रंग कळत नाहीत, आणि तो काढला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा तयार व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून पडदा गाडीच्या आड ठेवला होता आणि दुर्बिणीतून पाहून झाल्यावरच लोकांना तिकडे नेत होतो. हा क्रम मी आग्रहाने पाळतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग उमगत नाहीत आणि तो प्रकाश साठवूनही ठेवत नाही. कॅमेरा मात्र तो साठवतो, आणि हायड्रोजनची गुलाबी झाक उमटते. आधी फोटो पाहिलेला माणूस दुर्बिणीत तोच गुलाबी रंग शोधत राहतो.

आजी पडद्यापाशी बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "पण मधले चार बारीक तारे कुठे गेले? मला तर स्पष्ट दिसले होते."

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. तेजोमेघाच्या गाभ्यातील ते चार तारे 30 सेकंदांत पांढऱ्या डागात बुडून जातात, तर डोळ्याला फिकट कडा आणि प्रखर गाभा एकाच वेळी पेलतात. त्यासाठी 5 सेकंदांचे वेगळे फोटो घेऊन नंतर गाभ्यापुरते जोडावे लागतात. मी कॅमेऱ्याची वेळ बदलली, तेव्हा आजी पुन्हा डॉब्सोनियनच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.