अ‍ॅसेटिकचं स्टोअर लावताना: माझा अनुभव

इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसची, म्हणजे कापड ब्लीच करून रंगवणाऱ्या कारखान्याची, लॅब मी सांभाळते. आमच्याकडे सल्फ्युरिकला सगळे घाबरायचे, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणापासून, म्हणजे लाईपासून, दोन हात लांब राहायचे, पण अ‍ॅसेटिकला अ‍ॅसिड म्हणून कोणी मोजतच नव्हतं. पस्तीस किलोचा कॅन टेम्पोतून थेट खांद्यावर यायचा. स्टोअरच्या अण्णांना एकदा टोकलं, तर म्हणाले, "व्हिनेगर हाय ओ ते मॅडम. चायनीजच्या गाड्यावर बाटलीत असतंय न्हवं का!"

अण्णांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४ ते ८ टक्के असतं आणि आमच्या कॅनमध्ये ९९ टक्क्यांच्या वर. ग्लेशियल म्हणतात ते. पॉलिएस्टर रंगवताना जेटमध्ये, म्हणजे रंगवायच्या मशीनमध्ये, पीएच (आम्लतेचं माप) साडेचार-पाचवर ठेवायला ते लागतं, ब्लीचिंगनंतर कापडात राहिलेला कॉस्टिक मारायलाही लागतं. म्हणजे कारखान्यात रोज, तिन्ही पाळ्यांत, कुठे ना कुठे कोणीतरी ते ओतत असतं. वास ओळखीचा, लोणच्यासारखा. ओळखीच्या वासाची माणसाला भीती वाटत नाही, आणि थोड्या वेळाने तर नाकाला तो वास येईनासाच होतो.

स्टोअर बदलायचं काम माझ्याकडे आलं ते विम्यामुळे. आगीच्या पॉलिसीचं नूतनीकरण होतं. सर्व्हेअर आले, केमिकल शेडमध्ये फिरले आणि रिपोर्टमध्ये एक ओळ लिहून गेले: ज्वालाग्राही द्रव ऑक्सिडायझरच्या (आग भडकवणाऱ्या रसायनाच्या) शेजारी ठेवलेला आहे. मालक तो कागद घेऊन लॅबमध्ये आले. "अ‍ॅसिड कुठं पेटतं व्हय? भाजतंय, हे ठाऊक आहे. पेटतंय कसं?" तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे सेफ्टी ऑफिसर हजार किंवा जास्त कामगार असतील तर सक्तीचा होता. आमच्याकडे त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे असलं काही निघालं की केमिस्ट्री शिकलेलं माणूस शोधतात, आणि ते माणूस मी.

पेटतं, हे मालकांना पटवणं हाच पहिला टप्पा. ग्लेशियल अ‍ॅसेटिकचा फ्लॅश पॉइंट ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे एवढं तापलं की त्याच्या पृष्ठभागावरची वाफ ठिणगीने पेटू शकते. आमची शेड पत्र्याची. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला आत पाऊल टाकलं की चष्म्याची काडी कानाला चटका देते. डिझेलचा फ्लॅश पॉइंटही साधारण याच पट्ट्यात किंवा थोडा वर असतो; त्या डिझेलच्या बॅरलजवळ कोणी बिडी ओढली तर मालक स्वतः आरडाओरडा करतात. शिवाय अ‍ॅसेटिकची वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते. आणि आमच्या शेडच्या गटाराच्या दुसऱ्या टोकाला वेल्डिंगचं काम चालायचं.

मी सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके सांगणारा कागद, छापून दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि त्यावर चहाचा कप ठेवला. शेवटी उपयोगी पडली ती माल घेऊन आलेली गाडी. घातक मालाच्या गाडीला पाटी लागते, तशी तिला होती. यूएन नंबर (घातक मालाचा ओळख क्रमांक) २७८९, आणि दोन चौकोनी चित्रं: एकात हातावर आणि धातूवर सांडणारे थेंब, दुसऱ्यात ज्वाळा. मालकांना गेटवर नेऊन ती पाटी दाखवली. ते ड्रायव्हरला म्हणाले, "हे जाळाचं चित्र कशाला रे?" तो म्हणाला, "मालच तसा हाय शेठ." माझ्या चार पानांपेक्षा हे चार शब्द भारी पडले.

मग शेड नीट पाहिली. प्रोसेस हाऊसच्या केमिकल स्टोअरमध्ये काय काय एकत्र नांदतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. एका भिंतीला अ‍ॅसेटिकचे कॅन. त्यांना लागून ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे निळे कॅन. पलीकडे हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कोपऱ्यात हायड्रोसल्फाइटचे, आमच्या भाषेत हायड्रोचे, पत्र्याचे ड्रम. एकाचं झाकण अर्धवट, कारण रोज थोडं थोडं काढावं लागतं. आता यांच्या जोड्या लावा. अ‍ॅसेटिक आणि पेरॉक्साइड मिळून परअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तयार होतं, ते जहाल ऑक्सिडायझर. अ‍ॅसेटिक हायपोत गेलं की क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोला ओल लागली की ते आतून तापतं, धुमसतं, आणि अ‍ॅसिड मिळालं की सल्फर डायऑक्साइड सोडतं. या चौघांमध्ये आडोसा कसला, तर चालण्यापुरती मोकळी जागा.

खाली शहाबादी फरशी. अण्णा म्हणायचे, फरशी जुनी झाली. मी वाकून पाहिलं तर अ‍ॅसेटिकचे कॅन ठेवायचे तिथेच बरोबर गोल गोल खड्डे पडलेले, बोटाचं पेर बुडेल एवढे, आणि कडेला पांढरट भुकटी. शहाबादी म्हणजे चुनखडीच. गळलेलं अ‍ॅसिड वरून पाणी मारल्यावर तिच्यात मुरतं, फेस येतो, दगड विरघळत जातो. लोखंडी अँगलचा रॅक होता, त्याचे पायही खालून पातळ झाले होते. लोखंड खाताना अ‍ॅसिड हायड्रोजन सोडतं. बंद शेडमध्ये आधीच जाळाची वाफ आणि वर हे.

अ‍ॅसेटिक कुठे हलवायचं यावर बराच खल झाला. मेंटेनन्सवाल्यांनी जुनी जनरेटर रूम सुचवली. तिथे पॅनेल आणि स्विच, म्हणून नको म्हटलं. शेवटी उत्तरेकडची, दोन बाजूंनी उघडी, चिंध्या ठेवायची पडवी मिळाली. चिंध्या आधी हलवल्या, हे सांगायला नको. खाली अ‍ॅसिडप्रूफ टाइल्स, सर्वांत मोठं भांडं फुटलं तरी आत राहील एवढा कठडा, गटाराला जोड नाही. रॅक काढला आणि एचडीपीई प्लास्टिकचे पॅलेट घेतले. कडेला बादल्यांत कोरडी वाळू आणि सांडलेलं अ‍ॅसिड मारायला सोडा अ‍ॅश. सांडलं की लाकडाचा भुसा टाकायची इथली जुनी सवय; भुसा स्वतःच जळणारा, म्हणून तो बंद. आग विझवायला ड्राय केमिकल पावडरचे सिलिंडर आणि अल्कोहोल-रेझिस्टंट फोम. अ‍ॅसेटिक पाण्यात मिसळतं, त्यामुळे साधा फोम त्याच्यावर टिकत नाही, मोडतो. विक्रेता साधाच फोम गळ्यात मारत होता.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते आयवॉशने. डोळे धुवायचा नळ पडवीशेजारी बसवला आणि चालू करून पाहिला, तर पाणी हात लावू देईना. टाकीपासूनचा काळा पाइप पत्र्यावरून आणला होता, दिवसभर उन्हात. अ‍ॅसिड गेलेल्या डोळ्यावर हे पाणी मारायचं? प्लंबरला पाइप सावलीतून, भिंतीच्या कडेने परत ओढायला लावला. त्याने कपाळाला हात लावला, पण केलं.

कामगारांना शिकवायचं तर मराठीत अर्धी माणसं येत नाहीत. जेटवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं जास्त. म्हणून हिंदीतच बोलले, तेही बसवून नाही, कॅनशेजारी उभं राहून. त्यात एक मुलगा होता, ज्याच्या मांडीवर डाग आहे. त्यानेच सगळ्यांना दाखवला. मागे एकदा झाकण सैल असलेला कॅन उचलताना पँट भिजली होती. तेव्हा विशेष झोंबलं नाही, म्हणून त्याने पाळी पुरी केली. रात्री खोलीवर पँट काढली तर फोड आले होते. ग्लेशियलचं हेच वाईट. भाजल्याचं लगेच कळेलच असं नाही, फोड काही तासांनी येतात, आणि भिजलेला कपडा अ‍ॅसिड कातडीला धरून ठेवतो. कपडा ताबडतोब काढायचा आणि पाणी, पाणी, पाणी. किमान १५ मिनिटं. घड्याळ लावून एकाला आयवॉशसमोर उभं केलं, तर तो मिनिटभरातच "हो गया मॅडम" म्हणून बाजूला झाला. बाकीचे हसले. मग त्यांनाही उभं केलं. पंधरा मिनिटं किती लांब असतात, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि डोळ्यात किंवा कातडीवर खायचा सोडा चोळायचा नाही, हे दोनदा सांगावं लागलं, कारण तो उपाय प्रत्येकाच्या घरी कोणीतरी सांगितलेला असतो.

हातमोज्यांचंही तसंच. स्टोअरमध्ये सुती मोजे होते, ते अ‍ॅसिड शोषून हातालाच चिकटवतात. पातळ लॅटेक्सचे असून नसल्यासारखे. ब्यूटिल रबर सर्वांत चांगलं, ते महाग. मालकांनी निओप्रीनला होकार दिला. कापडी मास्कचा वाफेला शून्य उपयोग, त्यासाठी कार्ट्रिजवाला लागतो. कॅन तिरका करून बादलीत ओतणं बंद केलं आणि पॉलिप्रॉपिलीनचा हातपंप आणला. एक जण कॅनमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून अ‍ॅसिड वर काढायचा. भरभर व्हायचं म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक. कॅन दाबासाठी बनवलेलाच नसतो, फुटला तर तोंडावरच येणार. ती नळी मी कापून घेतली. हवेतल्या वाफेची मर्यादा तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये आठ तासांच्या सरासरीला १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) आणि थोड्या वेळासाठी १५ पीपीएम दिलेली होती. बाहेरच्या लॅबकडून ओतण्याच्या जागी मोजून घेतलं, तेव्हा बादलीच्या काळातला आकडा त्या १५ च्या वर होता. हातपंपानंतर खाली आला.

एवढं करूनही खरा प्रश्न हिवाळ्याचाच राहिला. ग्लेशियल १६.६ अंशांखाली गोठतं. जानेवारीत पहाटे इथला पारा त्याच्या खाली जातो, आणि सकाळच्या पाळीला कॅनमध्ये पांढरा बर्फ. जेट थांबून राहतं, कलर मास्टर ओरडतो, आणि मग पोरं जे सापडेल ते करतात. कॅन स्टीमच्या पाइपला टेकवून ठेवलेला मी पाहिला आहे. प्लास्टिकचा कॅन, आत जळणारं द्रव, झाकण घट्ट, आणि शंभर अंशांच्या वरचा पाइप. रात्रपाळीत कोणीतरी ब्लो लॅम्प लावला होता, असंही कानावर आलं. कोणी, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. योग्य पद्धत म्हणजे झाकण जरा सैल करून कॅन पंचवीसेक अंशांच्या खोलीत किंवा कोमट पाण्याच्या हौदात ठेवायचा आणि वाट पाहायची. पण मशीन उभं असताना वाट पाहा म्हणणारं माणूस कोणाला आवडतं?

म्हणून मी पर्चेसकडे गेले. ग्लेशियलऐवजी ८० टक्क्यांचं अ‍ॅसिड घ्या म्हटलं. पाणी मिसळलं की गोठणबिंदू झपाट्याने उतरतो, इचलकरंजीची थंडी त्याला गोठवू शकत नाही. आणि ८० टक्के किंवा त्याखालच्या द्रावणाचा यूएन नंबरच वेगळा, २७९०. त्या पाटीवर जाळाचं चित्र नसतं. कातडी ते तेवढंच जाळतं, मोजे-चष्मा सुटत नाही. पण आगीची आणि बर्फाची अशा दोन्ही कटकटी एका ऑर्डरने जातात. मोजे, पाट्या, ट्रेनिंग हे सगळं माणसाच्या लक्षात राहण्यावर चालतं. पातळ अ‍ॅसिड कोणाच्या लक्षात राहिलं नाही तरी गोठत नाही. माझ्या मते आधी हेच करायला हवं, पडवी वगैरे नंतर.

पर्चेसचा हिशेब सरळ होता: वीस टक्के पाणी मुंबईकडून भाडं देऊन कशाला आणायचं? पाणी इथे फुकट आहे. इथेच ग्लेशियल आणून पातळ करू, असंही निघालं. म्हणजे जे ओतणं टाळायचं तेच आणखी वाढवायचं. कलर मास्टरचा आक्षेप वेगळा, रंगाची छटा बदलेल. तो मात्र लॅबमध्ये सुटण्यासारखा होता. वजनाने सव्वापट घेतलं की अ‍ॅसिड तेवढंच जातं. नेव्ही, मरून आणि त्यांचा लाडका बॉटल ग्रीन दोन्ही अ‍ॅसिडने रंगवून शेजारी शेजारी ठेवले आणि कुठला कुठला ते ओळखा म्हटलं. त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिले, ट्यूबखाली पाहिले, आणि बोलले नाहीत. भाड्याच्या वादात मालकांनी गोठलेल्या सकाळी उभी राहिलेली जेट मोजली आणि विषय मिटला.

आता अ‍ॅसेटिक पडवीत आहे, पेरॉक्साइड जुन्या शेडमध्ये, हायपो वेगळा. हायड्रोचे ड्रम अजून त्याच कोपऱ्यात, त्यांच्यासाठी कोरडी खोली मागितली आहे, पावसाळ्याच्या आत मिळायला हवी. ८० टक्क्यांच्या मालाची प्रत्येक ऑर्डर जाण्याआधी मी स्वतः वाचते, कारण ग्लेशियलचं स्वस्त कोटेशन आलं की पर्चेसचं बोट तिकडेच जातं.