पांडवलेणीच्या गावातून कुटुमसरला

‘गुहा’ म्हटले की आम्हा नाशिककरांच्या डोळ्यांसमोर प्रथम पांडवलेणीच येतात. त्रिरश्मी डोंगराच्या कातळात कोरलेल्या त्या २४ लेण्यांपर्यंत आमची चौघांची दर रविवारची पहाटेची चढण ठरलेली असल्यामुळे, डोंगरातील पोकळी म्हणजे कोणीतरी मोजूनमापून, बहुधा दान देऊन करवून घेतलेली जागा, असा माझा समज होऊन बसला होता. जानेवारीत बस्तरमधील कुटुमसरची गुहा पाहिली आणि तो समज मोडला.

नाशिकरोडहून रायपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे जगदलपूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर रस्ता, असा हा लांबचा प्रवास आहे. ही गुहा ज्यात आहे ते कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली घोषित झाले. साग आणि सालाच्या जंगलातून जाणारी त्याची पायवाट मात्र घाईने चालण्यासारखी नाही, कारण बोलणारी पहाडी मैना दिसेल या आशेने आम्ही दर वळणावर थांबत होतो. ती दिसली नाही.

गुहेचे तोंड इतके अरुंद आहे की पंचवटीतील सीतागुंफेत वाकून शिरण्याचा सराव कामी आला. आत वाटाड्याच्या दिव्यापलीकडे मिट्ट काळोख होता आणि बाहेर थंडी असूनही तिथे घामट उबारा जाणवत होता. आमच्यातील निवृत्त भूगोल शिक्षक एरवी फार बोलतात, पण येथे त्यांचे बोलणे हवेहवेसे वाटले. “आपला दगड ज्वालामुखीचा, हा समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा,” असे सांगून त्यांनी पुढचे उलगडले. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते व चुनखडक विरघळवत खाली झिरपते. गुहेच्या मोकळ्या हवेत तो वायू निसटला की विरघळलेला चुना पुन्हा थेंबाथेंबाने साचतो. छतावरून खाली येतो तो अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर उठतो तो ऊर्ध्वमुखी. मिठाशी संबंध नसताना पाठ्यपुस्तकाने हे नाव का दिले, हा माझा शाळेपासूनचा प्रश्न सरांनी हसून टाळला. बोअरच्या पाण्याने आमच्या बंबाच्या तळाशी धरलेला पांढरा थर हा याच कुळातला, हे मात्र त्यांनी मान्य केले.

स्तंभांना हात लावू नका, असे वाटाड्या वारंवार बजावत होता. त्वचेचे तेल लागले की त्या जागी चुना नीट धरत नाही, आणि बोटभर वाढीलाही शेकडो वर्षे लागू शकतात. तरीही काही ठिकाणी कोरलेली नावे दिसली. आमच्या पांडवलेणीत क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने व सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने कोरवलेल्या लेखांना आपण इतिहास म्हणतो खरे, पण त्यांनी दगडावर लिहिण्यापूर्वी भिक्षूंसाठी निवारा तरी दिला होता.

आतल्या डबक्यांत अंधाराला सरावलेले, डोळे क्षीण झालेले फिकट मासे राहतात. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरते, म्हणून त्या काळात ती बंद असते. ते पाणी कांगेर नदीला, कांगेर कोलाबला मिळते. कोलाब पुढे शबरी होऊन गोदावरीत जाते, असे सरांनी परतीच्या गाडीत नकाशा उलगडून दाखवले. ब्रह्मगिरीवरून निघालेले आमचे पाणी कुटुमसरच्या चुन्याला तिथे, समुद्राच्या अलीकडे, भेटत असते.