भोंग्यांचा आवाज बारीक: मळ्यातल्या जोडणीची नोंद

जागा जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातला केळीचा मळा. हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या आणि श्रावणात कानबाईची (खानदेशातली देवी) गाणी, दोन्हींसाठी कायमची बसवायची जोडणी. सामान असं: 3.5 मिमी पिनचा खिशातला प्लेअर, चार चॅनलचा मिक्सर, 60 वॅटचा ॲम्प्लिफायर (मागे कॉमन, 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्ट अशी टर्मिनलं), लाइन ट्रान्सफॉर्मरवाले (100 व्होल्टच्या लाइनवर चालणारे) दोन भोंगे, दोन्ही 20 वॅटच्या टॅपवर (भोंगा किती वॅट घेणार ते ठरवणारी जोडणी). लांबचा भोंगा 50 मीटरवर, वायर 0.75 चौरस मिमीची. तक्रार एकच: प्लेअर फुल, ॲम्प्लिफायर फुल, तरी आवाज विहिरीपर्यंतसुद्धा जात नाही.

पहिली नोंद: टर्मिनल

प्लेअर काढून त्याच मिक्सरला माइक लावला. माइकही दबकाच, म्हणजे एक दोष नक्की मिक्सरच्या पुढे आहे. ही चाचणी सगळ्यात आधी करावी, अर्धा शोध इथेच संपतो.

भोंग्यांची वायर 8 ओहमच्या टर्मिनलवर कसलेली निघाली. 60 वॅटचा ॲम्प्लिफायर 8 ओहमवर फार तर 22 व्होल्ट देतो. 20 वॅटचा टॅप 100 व्होल्टसाठी असतो, म्हणजे त्याचा भार 500 ओहम. 22 चा वर्ग भागिले 500 केलं की जेमतेम 1 वॅट येतो. वीस वॅटच्या भोंग्याला एक वॅट मिळत होता, म्हणजे 13 डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) खड्डा. ॲम्प्लिफायर बंद करून वायर कॉमन आणि 100 व्होल्टवर घेतली, माइक खणखणीत झाला.

अशा वेळी मोठा ॲम्प्लिफायर आणायची घाई होते. 60 चा 120 वॅट केला तर मिळतात फक्त 3 डीबी. आधी स्क्रू बघा.

दोन गोष्टी सांभाळायच्या. सगळ्या टॅपची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी हवी. इथे 60 पैकी 40, ठीक. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेलं नुसतं 8 किंवा 16 ओहमचं युनिट 100 व्होल्टवर कधीच लावू नये, युनिट जळतं किंवा फ्यूज तरी उडतो. या लाइनचा झटकाही बसतो, टर्मिनल उघडी ठेवू नका.

वायर बदलायची गरज पडली नाही. 50 मीटर जाऊन-येऊन रोध साधारण 2.4 ओहम, 500 ओहमपुढे तो काहीच नाही. हीच वायर 8 ओहमच्या युनिटला असती तर सुमारे 40 टक्के पॉवर गेली असती.

दुसरी नोंद: पिन

माइक ठीक झाला, गाणी मात्र अजून गायबच. इथला प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. नवी स्टिरिओ गाणी पोकळ वाजत होती: ढोलकीची कड, गुंज ऐकू येते, गाणारी बाई कुठेतरी मागे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली मोनो अहिराणी गाणी तर जवळपास मुकी.

कारण केबलमध्ये होतं. एका टोकाला 3.5 मिमी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला 6.35 मिमीचीही स्टिरिओच पिन. मिक्सरचं लाइन इनपुट बॅलन्स्ड असतं, ते टोकावरच्या आणि मधल्या कड्यावरच्या सिग्नलमधला फरक तेवढा पुढे पाठवतं. डाव्या-उजव्या चॅनलमध्ये जे सारखं आहे ते कटून जातं. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, मोनो गाण्यात तर सगळंच सारखं.

खात्री करायला प्लेअरचा बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा. एक चॅनल बंद करून आवाज *वाढला*, तर दोष या केबलचाच.

उपाय दहा रुपयांच्या आतला: 1 किलोओहम, पाव वॅटचे दोन रेझिस्टर. डावी तार एकातून, उजवी दुसऱ्यातून, दोन्हींची पुढची टोकं जोडून 6.35 मिमीच्या *मोनो* पिनच्या टोकाला. कॉमन तार बाहेरच्या अंगाला. रेझिस्टर पिनच्या टोपणात मावतात, वर हीट श्रिंक नळी चढवायची. रेझिस्टर न घालता दोन्ही तारा नुसत्या पिळल्या तर प्लेअरचे दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज फाटतो.

डाख देताना एक अडचण येते. हेडफोनच्या केबलमधल्या रंगीत बारीक तारांवर लाखेचा थर असतो, त्यावर डाख धरत नाही, नुसता गोळा बसतो. गरम सोल्डरच्या थेंबात तार दोन-तीन सेकंद बुडवून लाख जाळायची, तार चकचकीत झाली की मगच जोड द्यायचा. कोणता रंग कुठल्या कड्याचा हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, रंगांचा भरवसा नाही.

केबल बदलली आणि जुनी गाणी पूर्ण आवाजात आली.

तिसरी नोंद: प्लेअर

400 हर्ट्झचा फुल लेव्हल टोन लावून साध्या मल्टिमीटरवर एसी व्होल्ट मोजले: 0.5. लाइन इनपुटला 0.3 च्या आसपास पुरतात. 0.15 च्या खाली आले तर सेटिंगमधली आवाजाची मर्यादा बघा. युरोपसाठी बनलेल्या प्लेअरमध्ये ती असतेच. गेनचा लो-हाय पर्याय असेल तर हाय करा. जाड कव्हरमुळे पिन मिलिमीटरभर बाहेर राहते, तेही बघा.

इक्वलायझरचा बास बंद. भोंगा साधारण 300 हर्ट्झच्या खाली वाजतच नाही, मग तो बास सिग्नलची जागा फुकट खातो. आवाज कमी म्हणून प्लेअर माइक इनपुटला लावायचा मोह टाळा. ते इनपुट काही मिलिव्होल्टचं असतं, अर्ध्या व्होल्टने आवाज फाटणारच.

चौथी नोंद: बाकीचं

शेतात संध्याकाळी व्होल्टेज 180 वर उतरलं, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची पॉवर साठ टक्क्यांवर येते. तेवढे 2 डीबी धरून चालायचं.

भोंगे 12 फूट उंचीवर, तोंड किंचित खाली, बसणाऱ्यांकडे. आधी ते सरळ केळीवरून पलीकडे जात होते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डीबी जातात, म्हणून दिशा चुकवून चालत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगे बंद, नियम 2000 सालापासून आहे.

सध्या प्लेअर 85 टक्के, ॲम्प्लिफायर निम्म्यावर, आवाज विहिरीपलीकडे स्वच्छ. दोन भोंग्यांच्या मधोमध उभं राहिलं की अजून थोडं पातळ वाटतं. पुढच्या खेपेला एका भोंग्याच्या दोन तारा उलटसुलट करून फेज (दोन्ही भोंग्यांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलतात का) तपासायचा आहे.