पेटीतली काडतुसं

हॉरर गेममध्ये गोळ्या, औषधं, बॅटऱ्या कुठे आणि किती ठेवायच्या, हे ठरवणं माझं काम. राक्षस दुसरे लोक बनवतात, पण त्याच्यासमोर खेळाडू कोणत्या अवस्थेत उभा राहील, ते माझ्या एक्सेल शीटमध्ये ठरतं.

गेल्या प्लेटेस्टला, म्हणजे बाहेरच्या लोकांकडून अर्धवट गेम खेळवून बघतात तेव्हा, सकाळी कॉलेजमधला एक मुलगा आला होता. आमच्या गेममधल्या बंद गिरणीच्या तळघराआधी एक खोली होती. तिच्यात शॉटगनची काडतुसं, औषध आणि सेव्ह करायची सोय. तो थांबला, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "दादा, पुढे मोठं काहीतरी आहे ना?" मग छतावरून जे कोसळलं, त्याच्यावर ॲनिमेशनवाल्यांनी महिनोन्महिने घातले होते. त्याने निवांत दोन बार काढले आणि पुढे गेला.

लगेच सूचना आली, आवाज वाढवा. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात आळशी सवय. कानाशी मोठा आवाज केला की कुणीही दचकतं आणि लगेच सावरतं. खरा घाबरलेला खेळाडू दाराला हात लावण्याआधी बॅग उघडून गोळ्या मोजतो. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये खिडकी फोडून कुत्रे आत येतात, ते लोक अजून विसरलेले नाहीत. त्या गेममध्ये सेव्ह करायलासुद्धा टाइपरायटरची फीत खर्ची पडायची आणि ख्रिसजवळ, म्हणजे आपण चालवतो त्या नायकाजवळ, ६ वस्तूंपुरतीच जागा असायची. फीत घेतली की तेवढी जागा गेली. जिवाला असा घोर लागलेला असताना काच फुटायची.

दुपारसाठी मी ती खोली रिकामी केली. शिवाय पेट्यांची व्यवस्था बदलली. खेळाडूची अवस्था बघून पेटीतून काय निघावं ते गेमने ठरवायचं. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'ने हेच केलं होतं, खेळाडूला न सांगता.

दुपारची मुलगी एकाच गोळीवर दाराशी पोचली. मागे फिरून उघडलेले ड्रॉवर तिने पुन्हा उघडले. आत गेल्यावर ते कोसळलं, ती किंचाळली, गोळी भिंतीत गेली. पळता पळता तिने एक पेटी फोडली आणि तीत काडतुसं निघाली. थरथरत्या हातांनी तिने त्याला पाडलं. "सर, नशीब बघा, अगदी शेवटच्या क्षणाला सापडली!"

पेटी फुटेपर्यंत आत काहीच नव्हतं.

तिची भीती खरी होती, जिंकणंही खरं होतं. तरी तिचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. टीममधले म्हणतात, खेळाडूला कळत नाही ना, मग बिघडलं कुठे? मला हे पटत नाही. गेम आपल्याला मरू देत नाही हे एकदा लक्षात आलं, की रिकाम्या बॅगेची भीती कायमची जाते, आणि आमच्या हातात उरतो तो फक्त आवाज. म्हणून मी मर्यादा घातली आहे: गिरणीच्या एका मजल्यावर अशी मदत एकदाच. नंतर पेटी रिकामी असेल तर ती रिकामीच निघेल. टीमला हे फार कठोर वाटतं. पुढच्या प्लेटेस्टला मी हेच ठेवणार आहे.